लमिसीची भिंत

आमचं घर माझ्या नवऱ्याच्या पणजोबांनी बांधलं, घोड्यांवरून आलेले लुटारू माणसांना पळवून न्यायचे त्या काळात. म्हणून दारं कमरेच्याही खाली, आणि आत शिरल्या शिरल्या आडवी बुटकी भिंत. वाकून येणाऱ्याचं डोकं आधी आत यायचं, पलीकडे दंडुका घेऊन कोणीतरी उभं असायचं. मातीचा एक थर घालायचा, वाळू द्यायचा, मग त्यावर दुसरा. अशा गोल खोल्या वाढत वाढत आता सतरा झाल्यात. वर सपाट धाब्यावर ज्वारी वाळते.

बांधायचं काम पुरुषांचं, लिंपायचं-रंगवायचं बायकांचं. सासूबाई गेल्यावर ते माझ्याकडे आलं. आमच्या सिरिगू गावच्या बाजारात बाया माझं नाव घेऊन म्हणायच्या, "अतीपोकाचं घर लांबूनच ओळखू येतं." मला ते ऐकायची सवय लागली होती.

मग धाकट्या दिराने लमिसीला बायको करून आणलं. तिने हौसेने कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत रंगवली, लाल-काळे त्रिकोण, मध्ये पांढरी रेघ. लोक खुराड्यासमोर थांबू लागले. मी जाता-येता वाकडी रेघ शोधायचे. सापडायची नाही. तिचं हसणं, तिचं पाणी भरणं, सगळंच मला खुपू लागलं.

सासऱ्यांच्या उत्तरकार्याचा दिवस ठरला, तेव्हा घरातले कर्ते अयामगाकाका म्हणाले, "पुढची भिंत या खेपेला लमिसी करेल. तू मागच्या कणग्यांचं बघ."

"माझं काही चुकलं का, काका?"

"चुकलं कशाला? तिचा हात चांगला आहे, एवढंच."

एवढंच.

रंग चढला की डवाडवा झाडाच्या शेंगांची टरफलं उकळून ते पाणी भिंतीवर मारायचं, तरच रंग धरतो. दिवसभर उकळून काकवीसारखं दाट व्हायला हवं. लमिसी रंगात गुंतली होती, म्हणून मागच्या चुलीवर मी ते ठेवलं. आणि दुपारीच उतरवलं. पाणी शिजल्यासारखं गडद दिसावं म्हणून मूठभर काळी माती कालवली. लमिसीने मडकं घेतलं, नाकाशी नेलं, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि निघून गेली.

उत्तरकार्याला तिचा थोरला भाऊ माहेरची माणसं घेऊन आला. नवा पांढरा अंगरखा, ज्वारीच्या दारूचा तुंबा हातात, भिंतीला टेकून बसलेला. ढोल वाजले तसा तो नाचायला उठला, आणि त्याच्या पाठीवर सगळी नक्षी उमटलेली. अंगणभर हशा पिकला.

"माहेरी शेंगा उकळायला शिकवलं नाही वाटतं," एक चुलतसासू म्हणाली.

"खुराडंच बरं होतं तिला," दुसरी म्हणाली.

भाऊ न जेवताच परतला. मला वाटलं होतं, आता गार वाटेल. तो वाकून दारातून बाहेर पडला, पण तसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाब्यावर ज्वारी पसरताना मी विचारलं, "तू कोणाला काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? पाणी कच्चं होतं, वासावरूनच कळलं."

"मग भिंतीवर मारलंस कशाला?"

"पुन्हा उकळायचं, तर कारण सांगावं लागलं असतं. सगळ्यांसमोर तुमचं नाव घेतलं असतं, तर पुढची चाळीस वर्षं याच अंगणात तुमच्यासोबत कशी काढली असती, जाऊबाई?" ती ज्वारी पसरतच राहिली. "भाऊ मात्र आता माझ्या दारात येणार नाही."

मी खाली उतरले. हातपंपावर काल हसलेल्या त्याच बाया होत्या. सांगितलं, "पाणी मी उतरवलं होतं, दुपारीच. मुद्दाम." चुलतसासूने माझी घागर रांगेतून मागे सरकवली. काकांनी चार महिने माझ्या हातचं खाल्लं नाही. नवऱ्याला घेऊन मी लमिसीच्या माहेरी गेले, गिनी कोंबडी आणि माफी मागताना द्यायचा कोला, त्या कडू बिया, घेऊन. भावाने उन्हात बराच वेळ उभं ठेवलं, मग कोला घेतला.

भिंत पुन्हा झाली. पाणी मीच उकळलं, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. लमिसीने बोट बुडवून पाहिलं, म्हणाली, "झालंय," आणि कामाला लागली.

आता परगावची माणसं घर पाहायला येतात. कोणाचा हात, असं विचारतात. मी लगेच सांगते, "लमिसीचा." सांगताना अजून आत टोचतं, पण सांगते.