तीन ठोके

कारखान्यातली रसायनाची टाकी घासायची तर आत वायू साचलेला असू शकतो, म्हणून एक जण आत उतरतो आणि दुसरा तोंडाशी दोरी धरून बसतो. आतल्याने भिंतीवर दोनदा ठोकलं म्हणजे 'ठीक आहे', बाहेरच्यानेही उलट दोनदा ठोकायचं. तीन ठोके म्हणजे 'वर ओढ'. आत मी असायचो, बाहेर माझा मेहुणा. दोन लेकरांचा बाप, तरी वात्रटपणा जात नव्हता. पण त्याच्या हातात दोरी असली की मी निर्धास्त.

गेटवरच्या कारकुनाने एकदा सांगून टाकलं, की कारखाना टाकीमागे दोन माणसांचा घसघशीत दर मोजतो. मग वरची एजन्सी आपला हिस्सा काढते, खालची एजन्सी आपला, आणि आमच्या हातात पडतो तो धड एका माणसाचाही नसतो. माझं टाळकंच सटकलं. खालच्या एजन्सीच्या मुकादमाला गाठून म्हटलं, "दर वाढवा, नाहीतर आम्ही चाललो."

"वाढवतो की," तो गोड हसला. "उद्या शेजारच्या टाकीत माझा माणूस उतरेल. तुमच्या मेहुण्याने मध्ये बसून दोन्हीकडे बघायचं. एक माणूस वाचला, त्याचे पैसे तुम्हा दोघांना."

मला ते हसणं आवडलं नव्हतं. तरी हावरटासारखा हो म्हणालो.

"भावजी, बढती झाली माझी," मेहुणा म्हणाला आणि मी आत उतरलो.

दोन्ही टाक्या एका जाड पाइपाने जोडलेल्या. मी दोनदा ठोकलं, दोनदा उत्तर आलं. तासभर असंच चाललं. नंतर अचानक तीन ठोके आले. मी चिडलो. बाहेर बसलेला माणूस कशाला तीनदा ठोकेल? जेवायची घाई झाली असेल मेल्याला. मी दोनदा ठोकून त्याला गप्प केलं. पुन्हा तीन आले, जरा हळू. मी पुन्हा दोन दिले.

मग काहीच आलं नाही.

घासून झाल्यावर मी शिडीने वर आलो. स्टूल रिकामं होतं. माझी दोरी कठड्याला बांधलेली. शेजारच्या टाकीची दोरीही तशीच बांधलेली, आणि तिच्या तोंडाशी मेहुण्याच्या चपला, गमबूट घालताना काढून ठेवतो तशा. मुकादमाचा माणूस येणारच नव्हता. त्याचा दर खिशात घालून मुकादमाने मेहुण्यालाच खाली उतरवलं होतं.

मी त्याची दोरी ओढली. ती जड होती आणि खालून कुणी हात देत नव्हतं. तो तीनदा ठोकत होता, आणि मी त्याला दोनदा 'ठीक आहे' म्हणून सांगितलं होतं.