पेंढ्याची झुबकी

मित्रांनो, माझ्या पोटाला जितकी भोकं पडली तितकी चाळणीलाही नसतील, तरी माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मी एक जुनी, पेंढा भरलेली झुबकी आहे. झुबकी म्हणजे सहा पायांचं, केसाळ, गरीब स्वभावाचं एक जनावर. खऱ्या झुबक्या रानात चरतात. मी मात्र जन्मल्यापासून एका अंगणात उभी राहिले आणि भाले खाल्ले. तेच माझं काम होतं.

माझं जग तुमच्या जगापासून फार लांब आहे. इथे आकाशात दोन सूर्य आहेत आणि खाली खवलेकर राहतात. आडनावावर जाऊ नका, ही तुमच्यासारखी माणसं नव्हेत. अंगभर हिरवे-करडे खवले, लांब शेपूट, डोक्यावर तुरा आणि रक्त थंड. राग आला की यांचा तुरा ताठ होतो, हसू आलं की शेपूट जमिनीवर आपटतं. वय विचारलं तर वर्षं सांगत नाहीत, किती वेळा कात टाकली ते सांगतात. सकाळी दोन्ही सूर्य वर येईपर्यंत अख्खं गाव छपरांवर पालथं पडलेलं असतं. ऊन अंगात मुरल्याशिवाय कोणी कोणाशी धड बोलत नाही. पण एकदा अंग तापलं, की यांच्याइतका चपळ शिकारी शोधून सापडायचा नाही.

मला शिंपीकाकांनी शिवलं. कातडं म्हातारपणाने मेलेल्या एका झुबकीचं, आत सुकं गवत, आणि डोळ्यांच्या जागी नदीतले दोन काळे खडे. सगळं छान जमलं, फक्त सहावा पाय आखूड राहिला. "भाला पोटात मारायचाय, पायात नाही," असं म्हणून काकांनी हात झटकले. मग माझ्या पोटावर एक पिवळं वर्तुळ काढून त्यांनी मला उस्तादबाईंच्या स्वाधीन केलं.

उस्तादबाई म्हणजे शिकार शिकवणाऱ्या बाई. त्यांचं शेपूट अर्धंच होतं. तरुणपणी एका श्वापदाच्या तावडीतून निसटताना त्यांनी ते टाकलं होतं आणि पुन्हा ते पुरतं वाढलंच नाही. तुमच्याकडे शेपूट नसूनही लोक शेपूट घालतात, असं मी ऐकलं आहे. आमच्याकडे निदान असलेलं टाकतात!

शिकवणी सुरू करण्याआधी बाई सगळ्यांना अंगणाच्या भिंतीसमोर बसवत आणि खवलेकरांची कहाणी सांगत. त्यांचे पूर्वज मोठ्या जहाजातून ताऱ्यांमधून भटकायचे. ज्या जगावर उतरतील तिथलं जे धावेल ते मारायचे, आणि काही उरलं नाही की पुढच्या जगाकडे निघायचे. पण इथे उतरले आणि जहाज कायमचं बंद पडलं. सवयीप्रमाणे त्यांनी रान ओरबाडलं. मग असा एक थंडीचा ऋतू आला की लोकांनी स्वतःची टाकलेली कात उकडून खाल्ली. पुढे जायला जहाज नव्हतं आणि खायला झुबकी नव्हती. त्या उपासमारीतून जे वाचले, त्यांच्या थोरल्या आजीने या भिंतीवर तीन नियम रंगवले. भुकेपुरतंच मारा. मारण्याआधी माफी मागा. आपल्या अंगणात आलेल्यावर हात उचलू नका.

त्यामुळे माझ्यावर भाला टाकणारा प्रत्येक जण आधी म्हणायचा, "माफ कर, भूक लागली आहे." मी पेंढ्याची असले तरी मला ते ऐकायला आवडायचं. कितीतरी शिकारी माझ्या पोटावर तयार झाले. नेम चुकला की माझा पाय मोडायचा, आणि शिंपीकाका करवादत येऊन टाका घालायचे. पहिली शिकार करून परतलेले तरुण माझ्या पाठीवर थाप मारून जायचे. त्या दिवशी मला माझा आखूड पायसुद्धा लांब वाटायचा.

या सगळ्यांत माझी सर्वांत लाडकी होती आचारीण. गावाच्या सामाईक स्वयंपाकघराची ती मुख्य. बाकीचे तिसरी कात टाकल्यावर परीक्षा देत, ही सात काती टाकलेली बाई भाला घेऊन त्यांच्या रांगेत उभी राहायची. "जन्मभर दुसऱ्यांनी आणलेलं शिजवलं," ती म्हणायची, "एकदा स्वतः आणलेलं शिजवायचंय." तिचा नेम उत्तम होता. घोडं अडायचं ते माफीपाशी.

"माफ कर गं बाई," ती मला म्हणायची, "भूक लागली आहे. म्हणजे मला एकटीला नव्हे, घरात खाणारी तोंडं पुष्कळ आहेत. तुलाही पोरंबाळं असतीलच. बरी आहेत ना?"

"अगं, तोवर ती झुबकी डोंगरापलीकडे जाईल!" उस्तादबाई ओरडायच्या, आणि सगळ्या अंगणात शेपटं आपटायची.

अशी ती तीन वेळा नापास झाली. परीक्षा फक्त चारदा देता येते. चौथ्यांदा हुकली की कायमची हुकली.

त्या वर्षी थंडीत मोठं वादळ झालं आणि झुबक्यांचा कळप दूर निघून गेला. वादळ थांबलं त्या दुपारी कुंपणाच्या फटीतून एक पिल्लू अंगणात शिरलं. सहाही पाय थरथरत होते. त्याने सगळीकडे हुंगलं, माझ्याजवळ आलं, माझ्या कातड्याचा वास घेतला आणि माझ्या पोटाला टेकून झोपी गेलं.

मित्रांनो, आजवर मला फक्त भाले टेकले होते. मला तर कळेचना की आता करायचं काय! नशीब, उभं राहण्यापलीकडे मला काही येत नव्हतं, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

तिसऱ्या नियमामुळे पिल्लाला कोणी हात लावला नाही. आचारीण त्याला पाल्याचा लगदा भरवायची. ते खायचं, अंगणभर हुंदडायचं आणि झोपायला माझ्याकडे यायचं. शिकवणीच्या वेळी त्याला स्वयंपाकघरामागे बांधून ठेवत. दोर सुटला की ते धावत यायचं आणि माझ्या पोटावरची नवी भोकं चाटायचं. तेव्हा उस्तादबाई मान फिरवून भाले पुसत बसायच्या.

थंडी सरली आणि परीक्षेचा दिवस उजाडला. सगळं गाव भिंतीवर, छपरांवर बसलं. मध्यभागी आताच्या थोरल्या आजी होत्या. त्यांच्या शब्दाबाहेर गाव नाही. तरुण मुलामुलींनी भराभर भाले टाकले आणि पास झाले. शेवटी आचारीण पुढे आली. तिने भाला उचलला, आणि तेवढ्यात कुरतडलेला दोर गळ्यात घेऊन पिल्लू दुडुदुडु आलं आणि माझ्या पलीकडे टेकून बसलं.

"त्याला काही होत नाही," उस्तादबाई म्हणाल्या, "भाला आरपार जात नाही. टाक तू."

"टाक! टाक!" छपरांवरून लोक ओरडले.

"माफ कर," आचारीण म्हणाली आणि थांबली. पहिल्यांदाच तिची माफी इतकी छोटी झाली होती. पिल्लाने माझ्या पाठीवरून डोकं काढून तिच्याकडे पाहिलं. आज खायला काय आणलंय, एवढाच त्याचा प्रश्न असावा.

"बाई, माफी एकीची मागायची असते," ती म्हणाली. "इथे दोघं आहेत."

"अगं, ती पेंढ्याची आहे!"

"मला ठाऊक आहे, तुम्हाला ठाऊक आहे. त्याला कुठे ठाऊक आहे?" आणि तिने भाला खाली ठेवला. "पोराच्या देखत आईला मारायचं नाही. मला नाही जमणार."

सुरुवातीला शेपटं आपटली. मग थोरल्या आजी उठल्या तशी ती थांबली.

"तू नापास," आजी म्हणाल्या.

"हो आजी."

"कायमची."

"ठाऊक आहे, आजी." खवलेकरांच्या डोळ्यांना पापण्या नसतात, त्यामुळे त्यांना रडू लपवता येत नाही. तिचंही लपलं नाही.

आजी भिंतीवरच्या तीन नियमांकडे वळल्या. "मी पन्नास परीक्षा पाहिल्या असतील," त्या म्हणाल्या. "भाला कसा टाकावा हे सगळेच दाखवतात. हिने कधी टाकू नये ते दाखवलं. हा चौथा नियम करू या का?"

एक धिप्पाड शिकारी उभा राहिला. त्याचा तुरा ताठ झाला होता. "आजी, पिल्लूवाल्या झुबक्या सोडायच्या म्हणजे अर्धा कळप सोडायचा. त्यांच्या पोरांची दया करताना आपली पोरं उपाशी राहिली तर?"

प्रश्न खोटा नव्हता. उकडलेल्या कातीची गोष्ट सगळ्यांनाच पाठ होती.

"शिजवणारी मी आहे," आचारीण डोळे पुसत म्हणाली. "एक ऋतू करून बघा. कमी पडलं तर माझ्या दारात येऊन भांडा."

आणि तो ऋतू खरंच कठीण गेला. कळप लांबच्या रानात गाठला तरी पिल्लूवाल्या झुबक्या सोडून शिकारी रिकाम्या हातांनी परतायचे. आचारीण दिवसभर रानात कंद खणायची. सकाळी कंद, संध्याकाळी कंद. "आज काय आहे?" कोणी विचारलं तर ती म्हणायची, "कालचंच, पण गरम." तो धिप्पाड शिकारी खरोखर भांडायला गेला, तर तिने त्याच्याच हातात कुदळ दिली. कुरकुर झाली, पण उपाशी कोणी झोपलं नाही. पुढच्या वर्षी कळप परतला तेव्हा त्यात पिल्लांची नुसती दाटी होती, आणि चौथा नियम भिंतीवर चढला. आचारणीनेच तो रंगवला. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण लांबून वाचता येतं.

त्याच कळपाबरोबर माझं पिल्लू गेलं. आचारणीने कुंपण उघडलं आणि ते उड्या मारत निघालं. मागे वळून एकदासुद्धा पाहिलं नाही. ते शहाण्या पिल्लाचं लक्षण आहे, असं मी मनाला समजावलं, आणि थोड्या दिवसांनी मला ते पटलंही.

त्यानंतर माझ्यावर भाला टाकायला कोणाचा हात उठेना. शिकवणीला लाकडाची एक फळी आली आणि मी लाकडांच्या खोपटामागे गेले. पेंढा कुजला, किडे झाले. "जाळून टाका ते धूड," असंही कोणी म्हणालं. एक दिवस आचारीण सरपण न्यायला आली आणि मला खांद्यावर टाकून घेऊन गेली. आता मी स्वयंपाकघराच्या उबदार भिंतीला लागून उभी आहे. अंड्यांतून नुकती निघालेली खवलेकरांची पोरं सकाळी माझ्या कुशीत शेकत बसतात. माझ्या केसांत बोटं घालून ती एकमेकांशी भांडतात, आणि आचारीण आतून ओरडते, "तिला ओढू नका रे, टाके उसवतील!"

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्याकडच्यांनी माझा पेंढा अधूनमधून बदलावा, मला ओलीत ठेवू नये. आणि तुमच्या घरातली एखादी जुनी, भोकं पडलेली वस्तू बाहेर टाकायला निघालात, तर जरा थांबा. तिला टेकून कोण बसतं, ते आधी पाहून या.