चित्रातल्या खुर्चीचा हेवा

मित्रांनो, मी एका जुन्या विमानातली खुर्ची आहे. कोलंबियातल्या व्हियाविसेन्सिओ गावाहून मी चाळीस वर्षं गवताळ मैदानांपलीकडच्या वस्त्यांपर्यंत ये-जा केली. माझ्यावर माणसं बसत, त्यांच्या पायांशी कोंबड्या असत आणि मागे माशांच्या पेट्या.

या सगळ्या काळात मी एकीवर जळत राहिले. विमानाच्या दारातून दिसणाऱ्या तिकिटांच्या खिडकीशेजारी जाहिरातीचं रंगीत चित्र होतं. त्यात निळी, ऐसपैस खुर्ची, बाजूला फुलदाणी आणि पाय पसरून झोपलेली एक बाई. लोक ते चित्र बघून तिकीट काढत आणि माझ्यावर बसताच नाक मुरडत. खस्ता मी खायच्या आणि कौतुक तिचं व्हायचं.

पुढे विमान थकलं. एवेलिओ नावाच्या गृहस्थाने त्यात उपाहारगृह काढायचं ठरवलं. गाद्या शिवणाऱ्या इस्मेनियाबाईंपुढे त्याने तेच चित्र धरलं.

"बाई, मला अश्शी खुर्ची हवी. ही टाका भंगारात."

इस्मेनियाबाईंनी टेप लावली. "मालक, चित्रातली खुर्ची आत घ्यायची तर विमानाची भिंत तोडावी लागेल. चित्रकाराचं काय जातंय?"

"मग निदान निळी तरी करा."

"थांबा, आधी हिला उसवून बघते."

आमच्याकडे जुनं कापड काढायला कुणाला सवड नसे. दुपारी पुन्हा उडायचं, म्हणून जुन्यावरच नवं ठोकत. बाईंनी तपकिरी रेक्झिन काढलं. खाली नारिंगी फुलांचं कापड निघालं, त्याखाली हिरवं आणि सगळ्यात खाली निळं. पाठीवर चित्रातलीच तिरपी शिवण होती.

"घ्या," बाई म्हणाल्या. "चित्रकाराने हिलाच बघून चित्र काढलंय. रुंदी तेवढी पदरची घातली."

विमानात आरसा नव्हता, मित्रांनो. मी जन्मभर माझ्याच तरुणपणाचा हेवा करत होते.

बाईंनी मला नवं निळं कापड शिवलं. घाबरलेल्या प्रवाशांनी धरून धरून झिजवलेले हात मात्र तसेच ठेवले.

खरं सांगू? हेवा अजून पुरता गेलेला नाही. चित्रातली बाई तिच्यावरून कधीच उठत नाही, माझी माणसं कॉफी संपली की निघतात. म्हणून सांगते, जुनी वस्तू टाकण्याआधी तिचा एखादा थर उसवून बघा. आणि माझ्यावर बसलात, तर जरा वेळ बसा.