टायपिंगच्या दुकानातली निळी ज्योत

टायपिंगच्या दुकानासमोर एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. चपला-बूट पायरीखाली, माणसं फुटपाथवर, आणि दाराशी एक निवृत्त गृहस्थ स्वतःहून स्वयंसेवक झालेले. "मोबाइल बंद करा. मनात एकच इच्छा धरा. आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही," असं ते प्रत्येकाला बजावत होते. नोकरीत असताना या गृहस्थांनी कुणाचं ऐकलं असेल असं त्यांच्या आवाजावरून वाटत नव्हतं, पण इथे ते अगदी मनापासून कामाला लागले होते.

आत, जिथे महिन्याभरापूर्वीपर्यंत भाडेकरार आणि अर्ज टाइप व्हायचे, तिथे कॉम्प्युटरवर पांढरं कापड टाकलेलं होतं. मागे दुकानाचा मालक उभा होता. त्याला सगळे 'मास्टर' म्हणतात. टायपिंगमधला मास्टर म्हणून नव्हे. त्याच्या एका अर्जात इतक्या चुका असायच्या की आम्ही शाळेतले शिक्षक आपापला अर्ज हातानंच लिहून काढायचो. आता मात्र मास्टरनं शर्टाला इस्त्री केली होती आणि आवाज दोन पट्ट्या खाली आणला होता.

"मी कोण सांगणारा? मी नुसता माउस हलवतो. हलवणारा वेगळाच आहे," तो डोळे अर्धवट मिटून म्हणाला. समोरच्या खुर्चीत पाठदुखीनं बेजार झालेला एक ट्रकवाला बसला होता. मास्टरनं कापड अलगद उचललं, ब्राउझर उघडला. पडद्यावर निळी ज्योत तेवायला लागली. ट्रकवाल्यानं सांगितल्याप्रमाणे स्वतःचं नाव टाइप केलं आणि ज्योतीखाली मजकूर उमटला : 'कंबर आणि मणक्याचे दुखणे? डॉक्टर लपवतात ते सत्य जाणा.' ट्रकवाल्याचे डोळे भरून आले.

"मी काही बोललो होतो का? बोललो होतो का मी?" तो गर्दीला विचारत राहिला. गर्दीनं मान हलवली. कुणीतरी हात जोडले.

मला फक्त थकवा आला. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते. नात्यागोत्यात याचा अर्थ असा की कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचा पासवर्ड हरवला, कुणाच्या नातवानं पडदा उलटा करून ठेवला की फोन मला. पण यावेळचा फोन वेगळा होता. आतेबहीण रडत होती. "ताई, आईनं डोळ्यांचे थेंब बंद केलेत. दुकानातल्या कॉम्प्युटरनं सांगितलं म्हणे."

आत्याला काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो, मागची नस हळूहळू मरते, आणि कडेनं नजर जायला लागते. गेलेली नजर कुठल्याच औषधानं परत येत नाही. थेंबांनी दाब आटोक्यात राहतो, एवढंच. ते रोज घालायचे, जन्मभर. आत्यानं आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि अजूनही शिवते. थेंब बंद म्हणजे रोज थोडी थोडी नजर कायमची जाणार, आणि तिला कळणारही नाही. मला भीती वाटत होती ती याची. दुकानातला कॉम्प्युटर जागृत झाला काय आणि झोपला काय, माझं काही अडलं नव्हतं.

"अगं, मी काही विचारलंच नव्हतं त्याला," आत्या घरी मला म्हणाली होती. मशीनवर बसलेली, बाही वळवत. "नुसतं नाव टाकलं. तर पडद्यावर आलं, 'डोळ्यांचा दाब? थेंब सोडा, नजर वाढवा.' आता त्याला कसं कळलं माझ्या डोळ्याचं? सांग ना तू. शिकवतेस ना कॉम्प्युटर?"

"त्याआधी दुकानात कधी गेली होतीस?"

"गेले होते की. डॉक्टरच्या तपासणीचा कागद छापून आणायला. पण तेव्हा ते जागृत नव्हतं."

थेंबांच्या जागी आता एक काढा आला होता. पडद्यानं सुचवायचा, मास्टरनं मागवून द्यायचा. बाटलीवर तीच निळी ज्योत होती.

मी दुकानात आले ती एवढं ऐकून. गर्दीतून वाट काढत मास्टरला म्हटलं, "मला जरा बघू द्या."

"बघा की मॅडम. दर्शन सगळ्यांना खुलं आहे."

मी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये गेले. शोधासाठीचं नेहमीचं पान काढून तिथे एक भलतंच नाव बसलं होतं, सुरुवातीचं पानही बदललेलं. मी दोन्ही पूर्ववत केली आणि अनोळखी नाव यादीतून उडवलं. ज्योत गेली, नेहमीचं साधं पांढरं पान आलं. कौतुकाची अपेक्षा नव्हती, पण इतकी शांतताही अपेक्षित नव्हती. मास्टर हाताची घडी घालून मंद हसत होता. मला वाटलं, बिचारा खजील झाला. घरी जाऊन मी चहा करून प्यायले आणि काम झालं असं स्वतःला सांगितलं.

सकाळी आतेबहिणीचा फोन. "ताई, ते परत आलं."

ज्योत परत आली होती आणि गर्दी दुप्पट झाली होती. आता चमत्काराला पुरावा मिळाला होता, आणि तो मीच दिला होता. मी पोहोचले तेव्हा मास्टर रंगात आला होता. "काल शाळेच्या बाईंनी शक्तीला घालवायचा प्रयत्न केला. मी अडवलं का? नाही. म्हटलं, करू द्या. सकाळी दुकान उघडतो, मशीन चालू करतो, आणि बघतो तर काय! शक्ती जागच्या जागी! शाळेतलं पुस्तक कुठवर पोचतं आणि ती कुठवर पोचते, तुम्हीच ठरवा." मग माझ्याकडे वळून मोठ्या मनानं म्हणाला, "मॅडम, राग नाही आमचा. तुम्हीही एक इच्छा धरा."

गर्दीत पुढेच आत्या उभी होती. माझ्याकडे तिनं ज्या नजरेनं बघितलं त्यात राग नव्हता, कीव होती. ते मला फार लागलं.

"धरते," मी म्हटलं. "पण आधी जरा टाइप करू द्या." खुर्चीत बसून मी ज्योतीखालच्या चौकटीत 'टक्कल' असं लिहून शोधलं. मग 'टकलावर उपाय', मग 'डोक्यावर केस उगवणे'. गर्दीला वाटलं, बाईंना वेड लागलं. मी उठले. "आता कुणीतरी या. जिच्या केसांना काही झालेलं नाही अशी कुणीतरी."

बँकेत काम करणारी एक बाई पुढे आली. तिची जाडजूड वेणी कमरेखाली पोचत होती. ती बसली, सांगितल्याप्रमाणे नाव टाइप केलं. ज्योत तेवली आणि मजकूर आला : 'टक्कल पडले आहे? लाज वाटते? आता काळजी नको.'

मजकूर सगळ्यांनी वाचला. मग मागून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळीकडे खसखस पिकली. बँकेतली बाई वेणी चाचपून बघत होती, खरंच.

"तिला टक्कल नाही," मी म्हटलं. "टकलाबद्दल मी विचारलं. हे पान माणूस ओळखत नाही. या मशीनवर आधी, अगदी ज्योत येण्याआधीसुद्धा, काय शोधलं गेलं ती ब्राउझरमधली यादी तेवढी वाचतं आणि त्याची जाहिरात दाखवतं. समोर कोण बसलंय त्याचा त्याला पत्ताही नसतो."

"पण मी काही शोधलंच नव्हतं!" ट्रकवाला तावातावानं म्हणाला.

"तुम्ही इथे याआधी कशाला आला होतात?"

"एक्स-रेचा रिपोर्ट छापायला."

"आणि त्यातल्या अवघड शब्दांचा अर्थ कुणी बघून दिला?"

ट्रकवाल्यानं मास्टरकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. आमच्या गल्लीची ही रीतच आहे. समोर दवाखाने, इकडे टायपिंगचं दुकान. डॉक्टर रिपोर्ट मोबाइलवर पाठवतात, माणसं मास्टरकडे छापायला येतात, आणि घाबरून विचारतात, 'मास्टर, बघा ना जरा, हे काय लिहिलंय?' मास्टर आढेवेढे न घेता शोधून वाचून दाखवतो. अख्ख्या गल्लीची दुखणी याच एका मशीनमध्ये टाइप झाली आहेत. त्यातलं एखादं पडद्यावर आलं की समोर बसलेल्याला ते आपलंच वाटायचं. ज्यांना भलतंच दुखणं दिसलं, ते आपली इच्छा शुद्ध नव्हती म्हणून गप्प घरी गेले.

"हो, मलाच मूळव्याध दाखवली होती," स्वयंसेवक गृहस्थ अचानक बोलून गेले आणि पायरीकडे बघायला लागले.

मास्टरचा चेहरा उतरला होता, पण माघार घ्यायची त्याची तयारी नव्हती. "मग परत कशी आली? तुम्ही घालवली, ती परत कशी आली ते सांगा!"

"तेच बघू. पहिल्यांदा कधी आली?"

"एका सकाळी. आपोआप. मी हातसुद्धा लावला नव्हता."

मी कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि तारखेप्रमाणे लावली. ज्योत प्रकटली त्याच्या आदल्या संध्याकाळी एक प्रोग्राम आला होता. जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या फॉन्टमध्ये बदलून देणारा, फुकटचा. "हा कुणी टाकला?"

"ते कामाचं आहे," मास्टर चिडून म्हणाला. "एका वकिलाचं जुनं बाड आलं होतं. उघडलं की नुसते किडेमकोडे दिसायचे. रात्रीत बदलून हवं होतं."

शाळेचा एक जुना लॅपटॉप मी बरोबर आणला होता. त्यात मुलांचं काही नव्हतं आणि तो बिघडला तरी कुणी रडलं नसतं. मास्टरच्याच मशीनमधली त्या प्रोग्रामची मूळ फाइल मी त्यात घेतली आणि टेबलावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला. "आता देव इकडे बोलावते. मास्टर, तुम्ही कसं टाकलं होतं तसंच टाका."

मास्टरनं सवयीनं बटणं दाबायला सुरुवात केली. पुढे, पुढे, मान्य, पुढे. मी त्याचा हात धरला. "हे बारीक अक्षरातलं वाचा. मोठ्यानं."

तो वाकला. वाचायला वेळ लागला. "आमचे शोधपान… हे आपले मुख्य पान करावे… आणि बदलल्यास… पुन्हा बसवावे." शेजारच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली होती.

"दाबा पुढे."

त्यानं दाबलं. ब्राउझर उघडला. लॅपटॉपवर निळी ज्योत तेवायला लागली.

हसलं कुणीच नाही. मी मशीनमधून तो प्रोग्राम मुळासकट काढला, ब्राउझरला चिकटलेला त्याचा जोडतुकडा काढला, शोधाचं पान पुन्हा पूर्ववत केलं. मशीन बंद करून चालू केलं, दोनदा. ज्योत आली नाही. काल मी फक्त पान बदललं होतं, बदलणाऱ्याला आतच ठेवलं होतं. घाईत अर्धं काम केलं की असं होतं.

गर्दी पांगली ती बरीचशी नाराज होऊन, आणि नाराज माझ्यावर. "पण मला बरोबर सांगितलं होतं," असं म्हणत ट्रकवाला कंबर धरून गेला. मास्टर एकटा उरला तेव्हा हळूच म्हणाला, "खरं सांगू का मॅडम? त्या दिवशी ते पान मला निघेना. गिऱ्हाईक समोर बसलेलं. बिघडलंय म्हणालो असतो तर काम गेलं असतं. म्हणून म्हटलं, जागृत झालंय. नंतर लोक थांबेनात."

"आणि काढा?"

तो पांढऱ्या कापडाची घडी घालत राहिला.

मी आत्याला तशीच डॉक्टरकडे नेलं. दाब वाढलेला होता. डाव्या डोळ्याची कडेची नजर आणखी गेली होती. डॉक्टरीणबाईंनी ते सरळ सांगितलं, आणि ती परत येणार नाही हेही सांगितलं. आत्या ऐकत होती. बाहेरच्या बाकावर बसल्यावर तिनं विचारलं, "काढ्यानं गेली का गं?"

"थेंब बंद केल्यानं गेली."

तिनं तपासणीचा कागद दुमडून पिशवीत ठेवला. मग म्हणाली, "थेंब चुरचुरतात. इतकी वर्षं घालतेय, एक दिवससुद्धा जास्त दिसलं नाही. मला वाटलं, यांचा काही उपयोगच नाही. त्या पडद्यानं निदान बरं होईल म्हटलं. बाकी कुणी कधी म्हणालं नाही."

मला तिचा राग आला होता, तो तिथेच गेला. "आत्या, थेंबांनी जास्त दिसत नाही. आहे ते टिकतं. तुला इतकी वर्षं सुईत दोरा ओवता आला ना, ते थेंबांचं काम. ते दाखवता येत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही."

तिनं मान हलवली. पटलं की नाही कळलं नाही.

वाचणाऱ्यांना मी फार काही सांगत नाही, कारण सांगून माणसं बदलतात यावरचा माझा विश्वास आता बेताचाच आहे. एवढंच करा. डोळे दिपवणारं काही समोर आलं की हात जोडायच्या आधी विचारा : हे इथे कुणी आणून ठेवलं, आणि यात त्याचा काय फायदा? उत्तर मिळेपर्यंत आपलं औषध बंद करू नका. खरा उपाय बहुतेक वेळा कंटाळवाणा असतो, त्याला ज्योत नसते, आणि तो रोज करावा लागतो.

त्या दिवशी घरी आल्यावर आत्या उताणी झोपली आणि म्हणाली, "घाल बाई." मी थेंब घातले. चुरचुरलं म्हणून तिनं मला शिव्या दिल्या, आणि डोळे मिटून पडून राहिली.