मानाचं ताट, उसना श्वास

“सोड शेंबा, काठ सोड! बुडशील कशी? मी आहे ना खाली!”

विहिरीच्या पायऱ्यांवर चोक्कलिंगम अण्णाचा हा आवाज शेंबगमनं ऐकला तेव्हा ती परकर-पोलक्यातली पोर होती. उसिलमपट्टीच्या शिवारातल्या त्या विहिरीत मग ती मासोळीसारखी फिरली. एका दमात तळ गाठावा, मूठभर गाळ वर आणावा आणि भावाच्या डोक्यावर थापावा! आता तिला एका दमात धड वाक्य पुरं होत नव्हतं.

चेन्नईच्या त्या मोठ्या इस्पितळात ती सरकत्या पट्ट्यावर हळूहळू चालत होती. नाकात नळी, शेजारी प्राणवायूचा सिलिंडर. तिची फुप्फुसं वाळल्या घोसाळ्याच्या जाळीसारखी झाली होती. का झाली, ते डॉक्टरांनाही उमगलं नव्हतं. कुणा गेलेल्या माणसाची फुप्फुसं मिळाली तरच ती जगणार होती, आणि तोवर अंगात बळ राहावं म्हणून हे चालणं.

इथं सगळं होतं. श्वास कसा घ्यायचा ते शिकवणारी मुलगी होती, काय खायचं ते सांगणाऱ्या बाई होत्या, मनातली भीती ऐकून घेणारे डॉक्टर होते. गेटापलीकडच्या गल्लीत राहायला खोलीही मिळवून दिली होती. नव्हतं ते एकच. घरचं दुसरं माणूस.

एस्तर सिस्टर या रोग्यांचं सगळं जुळवून आणायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “फुप्फुसं बसवली की वर्षभर घरची दोन माणसं जवळ पाहिजेत. एकानं झोपायचं, एकानं जागायचं. एक गोळी चुकली, बारीकसा ताप लपवला, तर शरीर परकं फुप्फुस नाकारतं. दोन नावं द्या, मग तुमचं नाव यादीत.”

एक नाव नवऱ्याचं, मुत्तुवेलचं. दुसरं कुणाचं? सासूला डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी गावात दोन्ही नातवंडं तिच्याच पदराखाली होती. उरला सख्खा भाऊ. आणि तो तर तीन वर्षं उंबऱ्याशी आला नव्हता.

झालं होतं एवढंच. धाकट्याचे कान टोचले तेव्हा, रिवाजाप्रमाणे पोर मामाच्या मांडीवर बसलं. पण विड्याचं मानाचं ताट मामाच्या आधी मुत्तुवेलच्या थोरल्या काकांपुढे गेलं. चोक्कलिंगमनं पोराला अलगद खाली ठेवलं, उपरणं झटकलं आणि जेवणाची पानं मांडलेली सोडून तो निघून गेला.

“तुझा भाऊ ना तो?” खोलीवर रसम ढवळत मुत्तुवेल म्हणायचा. “सख्ख्या बहिणीला बघायला आमंत्रण लागतं?”

“रसमात... नुसती मिरची आहे.”

“श्वास नाही, पण नावं ठेवायला जीभ आहे!” तो हसायचा आणि पाठ वळवून डोळे पुसायचा. “खरंच येणार नाही का गं तो?”

“भाताची कापणी आहे... त्याला सवड नाही.”

भावाचा फोन दर रविवारी यायचा. “जेवलीस?”

“हो.”

“जावईबापू काही म्हणाले? मी येऊ कसा गं? पत्रावळीच्या वासानं कुत्रं येतं तसा? एक माणूस पाठवा, ताटात चार पानं ठेवा. धावत येईन.”

“नको अण्णा... बरी आहे मी. सासूबाई येताहेत.”

दोन्ही गोष्टी खोट्या होत्या. नवऱ्याची लाज आणि भावाचा मान, दोन्हीकडची फाटकी किनार ती आपल्या अर्ध्या श्वासानं शिवत बसली होती.

शेजारच्या पट्ट्यावर चालणाऱ्या वेलूरच्या तरुणाला एका दुपारी बोलावणं आलं. फुप्फुसं मिळाली! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शेंबगमनंही वाजवल्या. तिचं तर नावच यादीत नव्हतं. त्याच आठवड्यात तिचं वजन आणखी उतरलं. डॉक्टर म्हणाले, “आणखी खचलात तर फुप्फुसं मिळूनही बसवता येणार नाहीत.” मुत्तुवेल ऐकत उभा राहिला. फोन हातात होता. मेहुण्याचा नंबरही होता. अंगठा पुढे गेला नाही.

शेवटी एस्तर सिस्टरनीच गावी फोन लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी चोक्कलिंगम इस्पितळात, सिस्टरच्या खोलीच्या दारात उभा. प्राणवायूची नळी पाहिली आणि त्याच्या हातातली केळ्यांची पिशवी खाली घसरली. तो बहिणीजवळ बसला, पण मेहुण्याकडे पाठ करून.

“सिस्टर, यांना सांगा, मी इस्पितळानं बोलावलं म्हणून आलोय.”

“सिस्टर, त्यांना सांगा, हिची आई हयात असती तर असं बोलायची वेळ आली नसती,” मुत्तुवेल भिंतीशी बोलला.

“मी टेलिफोन आहे का तुमचा?” एस्तर सिस्टर कडाडल्या. “शस्त्रक्रिया आम्ही करू. औषधं आम्ही देऊ. पण रात्री हिला ठसका लागेल तेव्हा पाठीवर हात कुणाचा असेल? मानाचा? कुणीतरी आपल्या माणसाला निरोप देताना, छाती फुटत असताना, अनोळखी बाईला त्याचा श्वास देऊन जातो. तो विचारतो का, आधी ताट कुणापुढे गेलं होतं? परका श्वास द्यायला तयार आहे आणि तुम्ही दोघं सख्खे पहिला शब्द द्यायला तयार नाही!”

मुत्तुवेल उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा हातात कँटीनची पोचे पडलेली थाळी होती, तिच्यात गेटाजवळच्या टपरीवरची विड्याची पानं आणि सुपारी. त्यानं ती दोन्ही हातांनी मेहुण्यापुढे धरली.

“चुकलं, अण्णा. तेव्हाही आणि त्यानंतर रोज.”

अरेरे! ज्या थाळीसाठी तीन वर्षं वाट पाहिली, ती समोर आली आणि चोक्कलिंगमला तिच्याकडे बघवेना! त्यानं ती घेतली आणि खिडकीत ठेवून दिली. “ताट राहू दे, जावईबापू. सिस्टर, माझं नाव लिहा. रात्रीची पाळी माझी.”

“लिहिते,” सिस्टर म्हणाल्या. “पण आता डॉक्टर पुन्हा तपासतील. बळ उरलंय का ते बघतील. नाव लागलं तरी फुप्फुसं कधी मिळतील, मिळतील की नाही, हे माझ्या हातात नाही.”

गेलेला वेळ आणून देणारी यादी कुठल्याच इस्पितळात नसते.

बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात असं एखादं ताट कुणापुढे आधी, कुणापुढे नंतर गेलेलं असेलच. मान हा माणसासाठी असतो. माणूसच उरला नाही तर तो ठेवायचा कुणापुढे? आजाऱ्याच्या दाराला उंबरा नसतो. तिथं बोलावण्याची वाट पाहू नये आणि बोलवायला लाजू नये.

सिस्टर शेंबगमकडे वळल्या. “सगळ्यांना विचारून झालं. तुला कुणीच विचारलं नाही. तुझ्या मनात काय आहे, बाई?”

शेंबगमनं सवयीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग भावाकडे. ‘तुम्ही ठरवाल तसं’ हे शब्द ओठांपर्यंत आले. तिथंच अडले. तिनं भावाचं मनगट घट्ट धरलं.

“अण्णा... खोटं बोलले मी. दोघांशीही.”

तिनं श्वास गोळा केला.

“बरी नाहीये मी. रोज रात्री... भीती वाटते. मला... मरायचं नाही रे.”