चार तुकड्यांची हाक

मी अकलेचा कांदाच! नाहीतर सख्ख्या बापाचा आवाज असा कापून ठेवला असता का?

बाबा, म्हणजे शालिग्राम गुरुजी, आमच्या राजपुऱ्यातल्या शाळेत तीस वर्षं शिकवायचे. महिन्यापूर्वी इंदूरला त्यांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता घरी आतल्या खोलीत पडून असतात, पाटीवर लिहून दाखवतात.

आज दुपारी आई म्हणाली, "अर्चना, तुझ्या कॉम्प्युटरात ह्यांचा आवाज आहे ना? मला मारलेली हाक ऐकव गं एकदा. घर खायला उठतंय."

होता ना! मी ट्रॅकर नावाच्या प्रोग्रॅमवर गाणी बनवते. पडद्यावर ओळी खाली सरकत जातात, ओळीत आकडा, आकड्यामागे एक आवाज. दोन वर्षांपूर्वी बाबांचं बोलणं मोबाइलात भरून मी त्याचे ठोके केले होते. ठोका खणखणीत बसावा म्हणून वाक्याचं पुढचं-मागचं छाटून एकेक अक्षर ठेवलं. बाकीचं फालतू म्हणून उडवलं. आणि तो मोबाइल राजघाटावर तापी नदीत पडला.

पण आईला नाही कसं म्हणू? तीन तास झुंजले. "भाव काय?" मधला भा, "गिरणी"तला गि ताणून केलेला गी, "रविवार"चा र, दुकानदाराला हिंदीत विचारलेल्या "बिजली कब गई थी" मधला थी. चार ओळींत चार आकडे, मिळून आईचं नाव. देवा, एवढं एकदा जमू दे रे!

"आई, ऐक."

"भा-गी-र-थी."

आई स्पीकरकडे बघतच राहिली. "हे कोण बोलतंय?"

"बाबा!"

"ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली का गं? बत्तीस वर्षं झाली लग्नाला. 'अगं' म्हणायचे. नुसतं 'अगं'."

बाबांचं निम्मं बोलणं 'अगं'नंच सुरू व्हायचं. ठोक्याच्या आड येतं म्हणून मी तेच सगळ्यात आधी कापलं होतं. कचऱ्याचा फोल्डर तीनदा उघडला. तिन्ही वेळा रिकामा. मी लहान पोरीसारखी हमसून रडायला लागले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून टण-टण आवाज आला. बाबा अंगठीनं स्टीलच्या पेल्यावर ठोकत होते.

आई पदरानं डोळे पुसत उठली.

"आले हो," ती म्हणाली. 'अगं'ला बत्तीस वर्षं ती हेच उत्तर देत आली होती.