बादली शेवटच्या मुलीची

मुलांनी डोळे मिटले आणि त्याच क्षणी सत्यशीलाला भिंतीकडच्या मॅटखाली एक शेपटी सरकताना दिसली.

काळी, तुकतुकीत, आणि तिच्यावर बारीक पांढरे पट्टे. सत्यशीला ब्रह्मपुरीच्या कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. तिला दुसऱ्यांदा पाहायची गरज पडली नाही. मण्यार. चावली तर धड कळतही नाही. आग नाही, सूज नाही. मग हळूहळू पापण्या जड होतात आणि त्यानंतर श्वास. इथून दवाखाना बावीस किलोमीटर.

शेपटी जिथं गेली तिथून वीतभर अंतरावर दिव्यानीचे अनवाणी पाय होते.

गावातल्या समाजमंदिरात सत्यशीलाचा कराटेचा वर्ग रोज सकाळी सहाला भरायचा. आठ मुलं. वर्ग संपला की आधी मॅट पुसायच्या, मग कमरेच्या पट्ट्याच्या क्रमानं एका रांगेत गुडघ्यांवर बसून दोन मिनिटं डोळे मिटायचे. सर्वांत वरचा निकेश, दाराजवळ. सर्वांत खालची दिव्यानी, भिंतीच्या टोकाला. उठायचं तेही क्रमानंच. निकेश आधी, दिव्यानी शेवटी. हा नियम सत्यशीलानं घालून दिला होता आणि तो मोडू नये म्हणून ती मुलांना फसवूनही पाहायची. मधल्याच कुणाचं तरी नाव घ्यायची. जो उठेल त्याला वीस जोर.

एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या त्या मॅट भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरल्या होत्या. सगळी मुलं एकदम उठून पळाली तर त्यांच्या पायांखाली दबलेला साप बाहेर पडायला एकच जागा होती. भिंतीजवळची ती फट, जिथं मॅटच्या कडेला चिकटवलेली टेप सुटली होती.

ओरडून चालणार नव्हतं.

"दिव्यानी," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तू ऊठ."

रांगेत खसखस पिकली. निकेशनं डोळे न उघडताच सांगितलं, "फसू नको वं दिव्यानी! मागं मी उठलो होतो, तं वीस मारा लागले."

"मले तं तीस लावले होते," मधून कुणीतरी म्हणालं.

दिव्यानी हलली नाही. हात मांडीवर, पाठ ताठ, डोळे घट्ट मिटलेले. सत्यशीलानं शिकवलं होतं अगदी तसं.

"मी खरंच सांगतेय. ऊठ."

"मॅडम, तुम्ही असंच म्हणता," निकेश हसला.

दिव्यानीमागची टेपची कड किंचित वर आली आणि पुन्हा खाली बसली. पुसताना फटीत पाणी गेलं असणार. ओल लागून साप जागा झाला असावा. ती स्वतः रांगेच्या दुसऱ्या टोकाला, दाराशी होती, मध्ये सात मुलं. तिथवर जायचं तर त्याच मॅटवर पावलं टाकावी लागणार.

मग तिला बादली दिसली. दाराबाहेर, ओट्यावर. या वर्गात एकच काम खालून वर चालायचं. पोछा म्हटलं की सर्वांत खालचा पट्टा असलेल्यानं आधी उठायचं, बादली आणायची, आणि ती येईपर्यंत बाकीच्यांनी जागचं हलायचं नाही.

"पोछा," ती म्हणाली.

"आत्ताच तं पुसलं न मॅडम!" निकेशचे डोळे उघडले.

"मला घाण दिसली. पोछा."

यात फसवणूक कधीच नसायची. मॅटच्या बाबतीत मॅडम खोटं बोलत नाहीत हे आठही जणांना ठाऊक होतं. दिव्यानीनं डोळे उघडले, डावा गुडघा उचलला, पाऊल टेकवलं.

तेवढ्यात फटीतून डोकं बाहेर आलं.

"तशीच थांब," सत्यशीला म्हणाली. "कुणीच हलायचं नाही. निकेश, तूसुद्धा."

निकेशचं हसू तोंडातच राहिलं. त्यानंही पाहिलं होतं.

साप भिंतीला लागून बाहेर येत राहिला. संपेचना. जीभ एकदा दिव्यानीच्या टाचेकडे वळली. तिच्या पोटरीचा स्नायू थरथरत होता. अर्धवट उठलेल्या त्या अवस्थेत सगळा भार एका पायावर आला होता. भिंत, कोपरा, किक मारायच्या पॅडांचा ढीग. एकेक पट्टा त्या ढिगामागं गेला, शेपटीसकट.

"आता आण बादली. माझ्या बाजूनं, हळू."

दिव्यानी आली. खरंच बादलीपाशी गेली आणि कडी धरून उभी राहिली. मग निकेश, मग बाकीचे, चवड्यांवर, कुणी कुणाला न ढकलता. सगळे ओट्यावर आल्यावर सत्यशीलानं दार ओढलं, कडी लावली, आणि फोन काढला.

शेजारच्या गावचे बापूराव साप पकडून जंगलात सोडायचे. पाऊण तासात ते मोटरसायकलवर आले. पॅड बाजूला करून साप बरणीत घेतला, झाकण घट्ट केलं आणि म्हणाले, "बाई, हा उगाच नाई आला. उंदीर असन इथी. मॅटा उचलून पाहा."

मॅट उचलायच्या म्हणजे आधी टेप काढायची. तीन आठवड्यांपूर्वी सत्यशीलानंच सगळे सांधे टेपनं बंद केले होते. येत्या रविवारी बेल्टची परीक्षा होती, बाहेरून परीक्षक येणार होते, मॅट सरकू नयेत, नीट दिसाव्यात. तेव्हापासून रोजचं उचलणं बंद आणि वरून पुसणं दुप्पट. चार दिवसांपूर्वी तिला एक उग्र वास आला होता. घामाचा असेल म्हणून तिनं पाण्यात जंतुनाशकाचं एक झाकण वाढवलं होतं. वास कशाचा, हे खाली वाकून बघावंसं तिला वाटलं नव्हतं, आणि हीच बाई पोरांना निरीक्षणाचे मार्क कापायची.

टोकाची मॅट उचलली. खाली फोमचा कुरतडलेला भुगा, उंदरांच्या लेंड्या, आणि धानाच्या लोंब्या. काही अख्ख्या, काही नुसत्या काड्या.

"हे कुणी ठेवलं?"

सगळ्यांनी निकेशकडे पाहिलं. तो मानेमागं खाजवत म्हणाला, "मी सुरू केलं मॅडम. लवकर निघते ते हलकं धान कापलं तं आई पह्यली लोंबी देवापाशी ठेवते. इथी देव नाई. मंग म्हटलं, जिथी उभं राहतो तिथीच ठेवू. परीक्षा हाये न."

"सगळ्यांनी ठेवल्या?"

"एकाच जागी. तिथली टेप उघडत होती."

दिव्यानी अजून बादलीपाशीच होती. सत्यशीला तिच्यासमोर उकिडवी बसली.

"मी दोनदा सांगितलं. तू उठली का नाहीस? तुलाही वाटलं मी फसवतेय?"

दिव्यानीनं मान हलवली. "नाई. मले माहीत होतं, तो मांगं हाये."

"कधीपासून?"

"डोळे मिटले तवापासून. आवाज येऊन राह्यला होता. बाबा सांगते, असा आवाज आला तं हलाचं नाई. पोछा म्हटलं तवा समजलं, तुम्हालेबी दिसला."

"मग सांगितलं काऊन नाही, बाई?" सत्यशीलाच्या तोंडून तिच्या घरची भाषा आली.

"रांगेत बोलाचं नाई न," दिव्यानी म्हणाली. "तुम्हीच लिवलं हाये."

दारासमोरच्या फळ्यावर नियम होते, सत्यशीलाच्याच वळणदार अक्षरात. दुसराच होता: रांगेत बोलू नये. ती उठली, बादलीतलं फडकं पिळलं आणि ती ओळ पुसली. खडूचा पांढरा ओघळ खालच्या नियमांवर आला. तो तिनं तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गाआधी मॅट उचलायच्या होत्या. भिंतीच्या टोकापासून, एकेक, काठीनं कड वर करून. कुरतडलेली मॅट ओट्यावर उन्हात टाकली होती. लोंब्या दाराच्या चौकटीला बांधल्या होत्या, तिथं आता चिमण्या येत होत्या. चौथ्या मॅटशी सत्यशीला पाऊल पुढं टाकणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"थांबा!"

निकेश थांबला, सगळी रांग थांबली. सत्यशीलाचा पाय हवेतच राहिला.

दिव्यानी रांगेतून पुढं आली, वाकून नीट निरखून पाहिलं, मग काठीच्या टोकानं एक लांब काळी गुंडाळी बाहेर ओढली.

"टेप हाये मॅडम," ती ओशाळून म्हणाली.

कुणी हसलं नाही. सत्यशीलानं पाय खाली ठेवला.

"बरं केलंस," ती म्हणाली. "पुढची उचल."